कोकणातल्या आमच्या पेठेतली जुनी दुकानं पाडायला निघाले आहेत. रहिवाशांनी सह्यांची मोहीम काढली तर काही उपयोग होतो का?

नुसत्या सह्यांनी होत नाही. सह्यांचा गठ्ठा मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवलात की पोच मिळते, दुकान वाचत नाही. तुम्ही लिहिलंय की रस्ता रुंदीकरणात पेठेतली अख्खी रांग जाणार, काही दुकानांना ‘धोकादायक’ म्हणून नोटिसा लागल्यात आणि निम्मे मालक मुंबईत आहेत. हे वाचून राहवलं नाही, कारण हे सगळं आमच्याकडे होऊन गेलंय. गावाचं नाव लिहीत नाही, जागामालकाबरोबरचा दावा अजून चालू आहे. सिंधुदुर्गातलं खाडीकाठचं जुनं बंदर, एवढं पुरे.

आमचं दुकान किराणा-भुसाराचं आणि काष्ठौषधींचं. जागा भाड्याची, आजोबांच्या वेळेपासून. जांभ्याच्या भिंती, चुन्याचा गिलावा, वर मंगलोरी कौलं, पुढे ओटा. दाराला शटर नाही, खाचेत बसवायच्या फळ्या आहेत आणि प्रत्येक फळीवर तिचा आकडा कोरलेला आहे. माळा इतका भक्कम की उधाणाचं पाणी पेठेत शिरलं की तांदळाची पोती आणि गुळाच्या ढेपा वर चढवायच्या आणि पाणी उतरायची वाट बघायची. मुरुडशेंग, वावडिंग, हिरडा, बाळंतिणीच्या काढ्याचं सामान आजही लोक आमच्याकडेच मागतात. मुंबईहून मनीऑर्डर येईपर्यंत कित्येक घरांची चूल ह्या दुकानाच्या उधारीवर पेटलेली आहे. बाबा थकल्यावर गल्ल्यावर मी बसायला लागले, ते गेले तेव्हाही मीच होते. हे मुद्दाम सांगतेय, पुढे लागणार आहे.

नोटीस मे महिन्यात लागली. पावसाच्या तोंडावरच लावतात, कारण तेव्हा माणूस घाबरलेला असतो आणि दुरुस्तीला दिवस उरलेले नसतात. नगरपरिषद अधिनियम १९६५, कलम १९५. इमारत धोकादायक, खाली करा, नाहीतर आम्ही पाडू. इमारत म्हणजे आमची सगळी रांग: आम्ही, शेजारी कासार, मग शिंपी, पलीकडे काथ्या-दोरखंड आणि जाळ्यांचं दुकान, टोकाला खानावळ.

नोटिशीला अहवाल जोडलेला नव्हता. माहितीच्या अधिकारात मागितला तेव्हा मिळाला. तो छापील फॉर्म सगळा आरसीसी इमारतीचा होता. कॉलम, बीम, स्लॅब, गंजलेल्या सळ्या. आमच्या रांगेत ना स्लॅब, ना सळई. जांभ्याच्या भिंतीवर रिबाउंड हॅमर मारून आकडे भरलेले. तो हातोडा काँक्रीटची ताकद अजमावायला असतो, भोकाभोकाच्या जांभ्यावर त्याच्या आकड्याला काही अर्थ नाही. आणि त्या आकड्यांवर आमची रांग सी-१ मध्ये टाकलेली. सरकारनं धोकादायक इमारतींचे वर्ग ठरवलेत: सी-१ म्हणजे ताबडतोब खाली करून पाडा, सी-२ए म्हणजे खाली करून दुरुस्त करा, सी-२बी म्हणजे खाली न करता दुरुस्त करा, सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. तुमच्या नोटिशीत कुठला वर्ग लिहिलाय, आणि तो कोणी व कशावरून ठरवला, हे सगळ्यात आधी विचारा.

आम्ही दुकानदारांनी वर्गणी काढून कोल्हापूरहून जुन्या वाड्यांची कामं केलेला इंजिनिअर आणला. त्याच्या बरोबर आमचा म्हातारा सुतार फिरला. त्यानं एकेक तुळई ठोकून पाहिली आणि आवाज पोकळ आला तिथे गिरमिटानं भोक पाडून भुसा तळहातावर घेतला. भुसा कोरडा आणि लाकडाच्या रंगाचा आला तर लाकूड चांगलं, काळपट पीठ आलं तर कुजलेलं. खानावळीकडचं आढं गेलेलं होतं, काही वासे बदलायचे होते, आणि पागोळ्यांच्या पाण्यानं मागच्या भिंतीचा पाया उघडा पडला होता. बाकी फणसाचे खांब आणि ऐनाच्या तुळया ठणठणीत. रांग सी-२बी निघाली, खानावळ तेवढी सी-२ए. दोन अहवाल समोरासमोर ठेवून आम्ही तिसरी तपासणी मागितली. तीही दुरुस्तीच्याच बाजूनं आली. पाडापाडी तिथे थांबली, मोर्च्यानं नव्हे.

तरी रहिवाशांचं काम मोठं आहे, फक्त ते ‘वारसा वाचवा’ असे फलक धरण्याचं नाही. आमच्या उधारीच्या वह्यांत गिऱ्हाइकांची नावं वाडीवार आहेत. गणपतीत चाकरमानी आले तेव्हा ओट्यावर टेबल मांडलं. माटवीचं (गणपतीवर टांगायच्या चौकटीचं) सामान, कापूर, वाती घ्यायला जो आला त्याच्याकडून वेगळं पत्र लिहून घेतलं: मी अमुक वाडीचा, ह्या दुकानातून अमुक घेतो, हे गेलं तर मला अमुक ठिकाणी जावं लागेल. एकाच मजकुराखाली शंभर सह्या घेतल्या तर वाचणारा पहिलीच वाचतो. वेगवेगळी पत्रं फाइलला लावावी लागतात. सर्वसाधारण सभेच्या दिवशी बायका पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवरून, चालत खाली आल्या. त्यातल्या एका आजींनी अभियंत्याला समोर उभं राहून विचारलं, “ह्यां दुकान पाडलात तर आमी बाजार खंय करूचो, ता आदी सांगा.” त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

आणि दुकान चालू ठेवा. आंदोलनाला पाठिंबा म्हणून दुकानं बंद ठेवणं मला अजिबात पटत नाही. बंद फळ्यांकडे बघून अधिकारी म्हणतो, इथे तसंही काही चालत नाही. सावंतवाडीची चितार आळी लाकडी खेळण्यांसाठी माणसं आजही शोधत येतात म्हणून ती आळी आहे. उलट वेंगुर्ल्याची डच वखार बघा. सतराव्या शतकातली, संरक्षित स्मारक, आणि वर्षानुवर्षं पडक्या अवस्थेत राहिली. संरक्षणाचा फलक लागला की भिंत टिकते ह्यावर माझा विश्वास नाही. २०२०च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत वारसा इमारतींच्या श्रेणींची तरतूद आहे, तुमच्या रांगेचं नाव यादीत घालायचा अर्ज जरूर करा, पण त्यावर विसंबून राहू नका.

आता रुंदीकरण. आराखड्यात रस्ता रुंद दाखवला म्हणजे उद्या जेसीबी आणता येतो असं नाही. नगररचना कायदा १९६६, कलम १२६ प्रमाणे जागा आधी संपादन करावी लागते: मालकाशी करार करून मोबदल्यानं, टीडीआर (जागेच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा जादा चटई क्षेत्र देऊन, नाहीतर २०१३च्या भूसंपादन कायद्यानं. त्या २०१३च्या कायद्यात बाधित कुटुंब म्हणजे फक्त मालक नाही. संपादनाआधी तीन वर्षं तिथे पोट भरणारा भाडेकरू आणि कारागीरही त्यात येतो. म्हणून भाडेपावत्या, गुमास्ता परवाना, वीजबिलं, घरपट्टीच्या उताऱ्यावरची भोगवटादार म्हणून नोंद, सगळं काढून ठेवा. मालक भाडं घेईनासा झाला तर मनीऑर्डरनं पाठवा आणि परत आलेल्या पावत्या जपा. आमच्याकडे बंदराच्या टोकाची चार दुकानं रस्त्यात गेलीच. ज्यांच्याकडे पावत्या होत्या ते आज निदान दावा मांडतायत, जाळी विणणाऱ्या म्हाताऱ्याकडे काहीच नव्हतं, त्याला कोणी विचारलं नाही. तुमचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग असेल तर गोष्ट वेगळी. तिथे १९५६चा कायदा लागतो आणि अधिसूचनेनंतर हरकतीला फक्त २१ दिवस मिळतात.

ह्या सगळ्यात माझं भांडण नगरपरिषदेशी कमी आणि दादाशी जास्त झालं. दादा डोंबिवलीला असतो. बाबांच्या पश्चात जागामालकानं त्याला गाठलं आणि त्यानं ना-हरकत पत्रावर सही करून दिली: इमारत पाडायला कुटुंबाची हरकत नाही, नव्या इमारतीत गाळा मिळावा. गाळा केवढा, कधी, भाड्यानं की मालकीनं, एक अक्षर नाही. मला फोन आला तो सही झाल्यावर. त्याचं म्हणणं, रस्ता झाला तर गावात धंदा येईल, पोरं गावात राहतील, तू भिंतींना कवटाळून बसल्येस. भाड्याच्या जागेसाठी कसलं आंदोलन?

पोरं राहिली पाहिजेत हे मलाही वाटतं, रोज वाटतं. पण कणकवलीत बाजारातून मुंबई-गोवा महामार्ग जात होता, चौपदरीकरणात दुतर्फाची दुकानं गेली, वरून उड्डाणपूल आला. त्या रस्त्यावर निदान वाहतूक होती. आमचा रस्ता धक्क्यावर जाऊन संपतो. तिथून पुढे पाणी आहे. रुंद करून कोण कुठे जाणार आहे?

आणि भाड्याच्या जागेचं म्हणाल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ७(१५) वाचा. धंद्यासाठी घेतलेल्या जागेचा भाडेकरू वारला तर त्याच्या मृत्यूच्या वेळी कुटुंबातलं जे माणूस त्या जागेत धंदा करत होतं, ते भाडेकरू ठरतं. तसं कोणी नसेल तरच इतर वारस. दादाची सही त्या कलमापुढे टिकत नाही, असं आमच्या वकिलांनी लेखी दिलंय. तुमच्या पेठेतही असे दादा असणार. समितीनं प्रत्येक दुकानात प्रत्यक्ष कोण बसतं ह्याची यादी आधी करावी आणि मुंबईहून आलेली कुठलीही संमती त्या यादीशी ताडून बघावी.

काही गोष्टी राहिल्या. हा १९९९चा कायदा तुमच्या गावाला लागू आहे का ते वकिलाकडून बघून घ्या, सगळ्या ग्रामपंचायत हद्दींत तो नसतो. पालिकेनं इमारत पाडली तरी भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच प्रकरणात सांगितलंय, पण तो हक्क पदरात पडायला वर्षं जातात, तेव्हा त्या भरवशावर फळ्या काढू देऊ नका. पेठ नदी किंवा खाडीलगत असेल तर सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध) आणि पूररेषाही बघा. २२ जुलै २०२१च्या पुरानंतर चिपळूणच्या व्यापाऱ्यांना निळ्या-लाल रेषांनी किती छळलं ते त्यांना विचारा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदाच्या. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम जवळजवळ बंद आहे, आणि पाडून पुन्हा बांधायचं तर जुनं बांधकाम अधिकृत होतं हे तुम्हालाच दाखवावं लागतं. मालक दाखवतात ते नव्या इमारतीचं चित्र अशा जागी उभं राहीलच असं नाही. आणि खऱ्या तपासणीत इमारत सी-१ निघाली तर मात्र वाद न घालता बाहेर पडा, कौलाखाली माणसं असतात.

सह्यांचं विचारलं होतंत. घ्या, पण वेगवेगळ्या पत्रांवर, पत्त्यासकट, आणि अहवाल हातात आल्यावर.

दादाला मी ते कलम वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, कायदा तुझ्या बाजूनं असेल, पण बाबा माझेही होते. होतेच. म्हणून तर सही करण्याआधी त्यानं एकदा दुकानात येऊन बसायला हवं होतं.