रक्तातला सीआरपी आणि हिरड्यांचा आजार : वाचकांचे प्रश्न

हिरड्यांच्या उपचारांबद्दल येणाऱ्या पत्रांसोबत अलीकडे रक्ताचे अहवालही जोडलेले असतात. सीआरपी हे शरीरात दाह असला की रक्तात वाढणारे प्रथिन, आणि 'सीआरपी वाढले आहे' किंवा 'सीआरपी वाढलेले नाही' या एका आकड्यावरून उपचार घ्यायचा की नाही हे ठरवलेले असते. तोच गोंधळ पुन्हा पुन्हा समोर येत असल्याने काही निवडक पत्रांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : सीआरपी तपासणी उपाशीपोटी करावी लागते का? (नाशिक)

उत्तर : नाही. त्याच वेळी साखर किंवा चरबीसाठीही रक्त देणार असाल, तर त्या तपासण्यांचे नियम पाळावेत.

प्रश्न : माझे वय ४६ आहे. सवलतीत मिळालेल्या 'फुल बॉडी चेकअप'मध्ये एचएस-सीआरपी (सीआरपीचीच अधिक संवेदनशील तपासणी) ४.२ आले. प्रयोगशाळेतून फोन आला की हृदयाला धोका आहे, पुढचे पॅकेज घ्या. ब्रश करताना माझ्या हिरड्यांतून रक्त येते. हे त्यामुळेच असेल का? (सोलापूर)

उत्तर : असू शकेल, पण या आकड्यावरून तसे म्हणता येत नाही. शरीरात कुठेही दाह झाला की इंटरल्युकिन-६ सारखी द्रव्ये रक्तात मिसळतात आणि त्यांच्या प्रभावाने यकृत सीआरपी हे प्रथिन तयार करते. दाह गुडघ्यात आहे, छातीत आहे की हिरडीत, हे त्या प्रथिनावर लिहिलेले नसते. सर्दी-तापाची साथ, वाढलेले वजन, धूम्रपान, संधिवात, अगदी आठवड्यापूर्वी झालेली जखमही ते वाढवते. हृदयविकाराच्या दृष्टीने १ मिलिग्रॅम प्रतिलिटरपेक्षा कमी म्हणजे कमी धोका, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर अधिक, अशी ढोबळ विभागणी केली जाते. मात्र ती आजारी नसताना, सुमारे दोन आठवड्यांच्या अंतराने केलेल्या दोन तपासण्यांच्या सरासरीवर करायची असते. आकडा १० च्या वर गेला, तर आधी जंतुसंसर्ग किंवा अन्य आजार शोधावा लागतो. एका नमुन्यावरून घाबरवून पुढचे पॅकेज विकणे हा व्यापार आहे, वैद्यक नव्हे. एकक न पाहता घाबरलेलेही अनेक भेटतात : काही प्रयोगशाळा मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटर छापतात, तिथला ०.५ म्हणजे इतरत्रचा ५. आपण अहवाल फॅमिली डॉक्टरांना दाखवा, आणि हिरड्या दंतवैद्यांकडून स्वतंत्रपणे तपासून घ्या. ब्रश करताना येणारे रक्त हेच तपासणीला पुरेसे कारण आहे, त्यासाठी सीआरपीची गरज नव्हती. हिरड्यांच्या उपचाराने हृदयविकाराचा झटका टळतो, असे सिद्ध झालेले नाही. तसे आश्वासन कोणी देत असेल तर सावध राहा.

प्रश्न : दंतवैद्यांनी पायोरिया सांगितला, मागच्या दाढांजवळ ६ ते ७ मिलिमीटरची पॉकेट (दात आणि हिरडी यांच्यामधली खोल झालेली फट) आहेत आणि हिरडीखालची खोल सफाई करावी लागेल म्हणाले. माझे सीआरपी मात्र १.१ आहे. मेहुणे म्हणतात, रक्तात सूजच नाही तर पैसे का घालवायचे, आणि खरवडल्याने दात हलू लागतात. सहा महिने थांबून पुन्हा सीआरपी केले तर चालेल का? (ठाणे)

उत्तर : चालणार नाही. या एका गैरसमजापायी वाचवता आले असते असे इतके दात मी काढलेले आहेत की या पत्राला थोडक्यात उत्तर देणे मला शक्य नाही.

रक्त हा साऱ्या शरीराचा एकत्र हिशेब असतो आणि हिरड्यांचा आजार ही त्यातली एक छोटी नोंद. 'पायोरिया म्हणजे तोंडात तळहाताएवढी उघडी जखम' असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्ष मोजमापात आजारी माणसाच्या दातांभोवतीच्या हिरडीचे अस्तर साधारण ८ ते २० चौरस सेंटीमीटर भरते. एवढ्याशा जागेतल्या दाहाने सीआरपी वाढलेच पाहिजे असे नाही. चांगल्या उपचारानंतरही त्यात होणारी सरासरी घट साधारण अर्धा मिलिग्रॅम प्रतिलिटर एवढीच असते. शिवाय कोलेस्टेरॉलसाठी घेतल्या जाणाऱ्या स्टॅटिन गोळ्या सीआरपी खाली आणतात. आकडा उतरतो आणि दाताभोवतीचे हाड झिजतच राहते.

हिरड्यांचा आजार मिलिमीटरमध्ये मोजतात. त्यासाठी प्रोब नावाची बारीक, बोथट टोकाची, काळ्या खुणांची सळई असते. ती दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत हलक्या हाताने सरकवायची आणि कितव्या खुणेपर्यंत आत गेली ते वाचायचे. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी, म्हणजे २८ दात असतील तर १६८ आकडे. १ ते ३ निरोगी, ४ पासून पुढे लक्ष द्यायचे. ६-७ मिलिमीटर खोलीवर ब्रश पोहोचत नाही, आणि तिथे मुळावर चिकटलेले कीटण कोणत्याही मंजनाने निघत नाही.

एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले होते. प्लास्टिकच्या फाइलमध्ये चार वर्षांचे सीआरपीचे अहवाल तारखेनुसार लावलेले, एकही २ च्या वर नाही. पहिल्याच वर्षी त्यांना पॉकेट असल्याचे सांगितले गेले होते. खालच्या पुढच्या दाताला दोन बाजूंनी दोन हत्यारांच्या मुठी लावून मी किंचित दाब दिला, तर तो पुढे-मागे झाला. एक्स-रेमध्ये त्याच्या मुळाचा जेमतेम तिसरा हिस्सा हाडात उरला होता. शेजारचाही तसाच. दोन्ही काढावे लागले. ती फाइल त्यांनी घरी जाताना माझ्या टेबलावरच ठेवली.

खरवडल्याने दात हलत नाहीत. हाड आधीच गेलेले असते आणि कीटणाचा थर दातांना एकमेकांशी बांधून ठेवतो. तो निघाला की खरी स्थिती कळते. सूज उतरल्यावर हिरडी आक्रसते, दात लांब दिसतात, फटी जाणवतात, काही आठवडे गार पाणी झोंबते. हे आधीच समजून घ्या. गेलेले हाड बहुतेक वेळा परत येत नाही, त्यामुळे थांबण्याची किंमत हाडानेच चुकवावी लागते. दुसरे मत हवे असेल तर जरूर घ्या, पण पॉकेटच्या आकड्यांचा तक्ता आणि एक्स-रे घेऊन, हिरड्यांच्या तज्ज्ञाकडे, आणि याच पंधरवड्यात.

प्रश्न : खोल सफाईनंतर दुसऱ्याच दिवशी ठरलेली रक्ततपासणी होती. सीआरपी आधीपेक्षा बरेच वाढलेले निघाले. उपचाराने बिघडले का? (कोल्हापूर)

उत्तर : बिघडले नाही, तपासणीची वेळ चुकली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात हिरड्यांच्या तीव्र आजाराच्या १२० रुग्णांवर हे पाहिले गेले. सखोल उपचारानंतर २४ तासांनी त्यांच्या रक्तातले सीआरपी वाढले होते आणि रक्तवाहिन्यांची प्रसरण पावण्याची क्षमता घटली होती; सहा महिन्यांनी मात्र तीच क्षमता नेहमीची साधी सफाई झालेल्यांपेक्षा चांगली भरली. म्हणून अशा सफाईनंतर निदान काही आठवडे सीआरपी करू नये. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी किंवा कृत्रिम झडप बसवलेल्यांनी दंतवैद्यांना ते आधी सांगावे आणि हृदयरोगतज्ज्ञांशी बोलूनच उपचाराची वेळ ठरवावी. ताप आला किंवा सूज वाढत गेली, तर वाट न पाहता भेटावे.

प्रश्न : रक्त पातळ होण्याची गोळी सफाईआधी दोन दिवस बंद करू का? (पणजी)

उत्तर : स्वतःहून एकही दिवस नाही, ज्यांनी गोळी दिली त्यांना विचारा.

प्रश्न : हळद-मिठाने चोळणे किंवा अँटिबायोटिकचा कोर्स पुरेल का? (लातूर)

उत्तर : नाही. मुळावरचे कीटण दोन्हींनी निघत नाही.

प्रश्न : आईचे ईएसआर (दाह दाखवणारी आणखी एक रक्ततपासणी) ४० आहे. ती मशेरी लावते. हिरड्यांतून रक्त कधीच येत नाही, म्हणजे त्या ठीक असतील ना? (सातारा)

उत्तर : रक्त न येणे हा मशेरी लावणाऱ्यांच्या बाबतीत भरवशाचा पुरावा नाही. तंबाखूतील निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करते, त्यामुळे आजार असूनही रक्तस्राव दबून राहू शकतो. ईएसआर वयाबरोबर आणि रक्तक्षयातही वाढते, तेव्हा आधी हिमोग्लोबिन पाहून घ्या आणि अहवाल फिजिशियनना दाखवा. मशेरी ज्या जागी लावतात तिथला गाल, ओठ आणि हिरडी यांवर पांढरा चट्टा किंवा न भरणारा व्रण आहे का, हे दंतवैद्यांकडून याच आठवड्यात पाहून घ्या.

प्रश्न : माझे एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी रक्तशर्करेचा आकडा) ८.४ आहे. हिरड्यांचे उपचार केले तर औषध कमी होईल का? (पुणे)

उत्तर : औषधाचा निर्णय फक्त मधुमेहाच्या डॉक्टरांचा. हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी सरासरी ०.४ ने उतरते, असे अनेक अभ्यास एकत्र पाहता दिसते. म्हणजे तुमच्या बाबतीत ८ च्या आसपास. २०१३ मधल्या ५१४ रुग्णांच्या एका अमेरिकी अभ्यासात अशी घट दिसली नव्हती, आणि त्यावर मुख्य आक्षेप हाच होता की उपचारानंतरही त्या रुग्णांच्या दातांवर जंतूंचा थर भरपूर उरला होता. तेव्हा सफाईनंतर रोज दातांच्या फटींत इंटरडेंटल ब्रश फिरवा, दर तीन महिन्यांनी पॉकेट मोजून घ्या, आणि पुढच्या खेपेला एचबीए१सीचा अहवाल दंतवैद्यांना व पॉकेटचा तक्ता मधुमेहाच्या डॉक्टरांना दाखवा.