दिराला ॲडमिट केलं म्हणजे टाकून दिलं का?

देवगडकडच्या एक वहिनी आल्या होत्या (ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत) आणि खुर्चीत नीट बसायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, तेका थंय टाकून इलंय तर वाडीत लोक काय म्हणतले?" हाच प्रश्न कितीतरी घरं विचारतात, म्हणून लिहितेय.

दीर पन्नाशीचा, मुंबईची नोकरी सुटल्यावर गावी आलेला, आजार स्किझोफ्रेनियाचा. गाऱ्हाणं घालून झालं, देवस्की झाली, मग डॉक्टर, गोळ्यांनी बरं वाटलं म्हणून त्यानेच गोळ्या बंद केल्या. आता रात्रभर खळ्यात फेऱ्या आणि जेवणात विष घालतात म्हणून उपाशी राहणं. मुंबईचा मोठा भाऊ फोनवर एकच बोलायचा, रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात कायमचा ठेवून टाका, पैसे मी देतो.

वहिनी गोळी कुटून पेजेत घालत होत्या. एकदा वाटीच्या तळाला पांढरी पूड राहिली, ती त्याने बोटाने चाखून बघितली आणि त्या दिवसापासून घरातलं पाणीपण बंद. विषाचा संशय असलेल्या माणसाला खरंच काहीतरी सापडलं, आता त्याची समजूत कशी काढणार! त्याऐवजी महिन्याचं इंजेक्शन चालेल का हे डॉक्टरांना विचारायचं, हे घरच्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

आता ॲडमिट करण्याचं. तो स्वतः नको म्हणत असला तरी जिवाला धोका असेल, कोणाला मारायला धावत असेल किंवा खाणंपिणंही स्वतः सांभाळता येत नसेल, तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 89 खाली घरचं माणूस अर्ज करू शकतं. मनोविकारतज्ज्ञ आणि आणखी एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर वेगवेगळे तपासतात आणि जास्तीत जास्त 30 दिवस ठेवता येतं, पुढे ठेवायचं तर परत तपासणी. मोठ्या भावाचं ते "कायमचा" कायद्यात बसतच नाही, घरच्यांना नको झालाय एवढ्यावर कोणाला आत ठेवता येत नाही. म्हणजे टाकून देण्याचा प्रश्नच नाही वहिनी, उपचाराला पाठवताय.

बँकेचं काम आहे म्हणून गाडीत बसवायचं असं घरात ठरलं होतं, ते मी मोडलं. झोप येत नाही ना, त्यासाठी दवाखान्यात जाऊया, असं सरळ सांगा म्हटलं. कुरकुरला, पण गेला.

महिन्याच्या आत घरी आला, इंजेक्शनची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेली, अडलं तर टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, 14416 नंबर आहेच. मोठ्या भावाला मात्र मी फोन करून सांगितलं की पैसे राहूदेत, मे महिन्यात येऊन तुम्ही सांभाळा, वहिनींना माहेरी जाऊदे. रजा मिळत नाही म्हणत होता, शेवटी आला दहा दिवस, आणि रोज व्हॉट्सॲपवर विचारायचा, मॅडम, रात्रीची गोळी जेवणाआधी की नंतर?