ऑटिझम असलेल्या लहान मुलांना नाटकाच्या खेळांचा उपयोग होतो का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा साडेचार वर्षांचा आहे, ऑटिझमचं निदान झालंय, बोलतो मोजकंच. त्याला इथं कोल्हापुरात बालनाट्य शिबिराला घालावं की घरीच काही खेळ घेता येतील? मी इथंच मुलांची शिबिरं घेते आणि एका विशेष शिक्षिकेसोबत अशा मुलांचा छोटा गट चालवते. माझं म्हणणं: शिबिराची घाई नको, घरचे खेळ आजच सुरू करा.

शिबिरात पोरांचा गलका, घुमणारा हॉल, आणि सगळा जीव शेवटच्या दिवशीच्या सादरीकरणात. शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर (आजचं केशवराव भोसले नाट्यगृह) उभारलं, त्या गावात "मग स्टेजवर कधी?" हे कुणीतरी विचारणारच. आमच्याकडे आजोबा मंडळी विचारतातच. विचारू देत. या वयात प्रेक्षक नकोत.

पहिला खेळ आरशाचा. एकानं हालचाल करायची, दुसऱ्यानं तशीच करून दाखवायची. बहुतेक जण मुलाला म्हणतात, "मी करतो तसं कर." इथं उलटं करायचं. पुढाकार त्याचा, नक्कल तुमची. आमच्याकडचा एक मुलगा स्टीलच्या डब्याचं झाकण फरशीवर गरगर फिरवत बसायचा. मी दुसरं झाकण घेतलं आणि त्याच्या शेजारी, जरा अंतर ठेवून बसले. समोर नाही, समोर बसलं की तो पाठ फिरवायचा. त्यानं फिरवलं की मी फिरवायचं, त्याचं पडलं की माझंही पाडायचं. तोंडातून शब्द नाही. बऱ्याच वेळानं त्यानं झाकणावर हात ठेवला आणि तिरक्या नजरेनं माझ्या झाकणाकडं पाहिलं. मी थांबले होते. त्यानं परत फिरवलं, मुद्दाम मध्येच थांबवलं, आणि हसला. पाळीपाळीनं खेळणं त्याला तिथं उमगलं. पुढं मी झाकणावर दोनदा टकटक करून नवी भर घातली. ती त्यानं लगेच उचलली नाही, पण उचलली. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या ब्रुक इंगरसोल यांनी लहान मुलांना अनुकरण शिकवायची जी पद्धत बसवलीय, तीसुद्धा अशीच सुरू होते: आधी मोठ्यानं मुलाची नक्कल करायची.

दुसरा खेळ 'चला-थांबा'. ठेका वाजेल तोवर चालायचं, थांबला की पुतळा. ठेक्याला आपली हलगी घेऊ नका, कितीही हौस असली तरी! अनेक मुलांना तो आवाज सोसत नाही. मांडीवर थाप पुरे.

"तू वाघ हो" असं म्हणून सुरुवात करू नका. त्याला ते बहुधा निरर्थक वाटेल. त्यापेक्षा त्याला जड जाणाऱ्या एखाद्या खऱ्या प्रसंगाची तालीम घ्या. उदाहरणार्थ, केस कापणं. खरा टॉवेल, खरा कंगवा, पाण्याचा फवारा. आधी बाबा गिऱ्हाईक, मग बाहुली, मग वाटलं तर तो. किंवा तोच न्हावी. मशिनचा आवाज सगळ्यात शेवटी, तोही लांबून. क्रम चित्रांच्या चार कार्डांवर मांडून ठेवा, म्हणजे पुढं काय येणार हे त्याला दिसतं.

तो जाहिरातीतली किंवा कार्टूनमधली वाक्यं पुन्हापुन्हा म्हणत असेल तर त्याला गप्प करू नका. ते त्याचं संवादलेखन समजा. त्याच्या वाक्यानंतरचं वाक्य तुम्ही म्हणा आणि थांबा. पुष्कळदा तिथून पुढं चालू होतं.

'आनंदी चेहरा करून दाखव', 'माझ्या डोळ्यांत बघ' असली कवायत मी घेत नाही. डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले समाजशास्त्रज्ञ. त्यांनी २०१२ साली मांडलं की समजून घेण्यातली अडचण दोन्हीकडची असते. आपल्यालाही या मुलांचे चेहरे वाचता येत नाहीतच की.

संशोधनाचं म्हणाल तर अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठात ब्लाइथ कॉर्बेट यांनी ऑटिझम नसलेल्या समवयस्क मुलांना तयार करून, त्यांच्या सोबतीनं ऑटिस्टिक मुलांचा नाटकाचा उपक्रम घेतला. चेहरे लक्षात ठेवण्यात आणि इतरांशी वागण्यात फरक दिसला. पण ती मुलं मोठी, ८ ते १४ वर्षांची. साडेचार वर्षांच्या पोराला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावू नका, आणि स्पीच थेरपी चालू असेल तर या खेळांपायी बंद करू नका.

कॉर्बेट यांच्या उपक्रमातली एक गोष्ट मात्र घेण्याजोगी आहे: सोबतीचं मूल. मामेभाऊ, शेजारची ताई, कुणीही एकच. पाच जणांचा घोळका नको. त्यालाही आधी सांगून ठेवा की हा बोलला नाही तरी खेळतोय, आणि त्याचा हात धरून ओढायचं नाही. दहा मिनिटं पुरेत. सुरुवातीला आणि शेवटी रोज तेच गाणं म्हणा. 'बस झालं' असं एक कार्ड तुमच्या मुलाच्या हाताशी ठेवा. ते त्यानं उचललं की खेळ थांबवा, तुमचा डाव कितीही रंगात आलेला असो.