मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या येतात, तेव्हा रक्त थांबतं की नस दबते?

तुम्ही लिहिलंय की पारायणाला तास-दीड तास मांडी घालून बसलं की उजव्या पायाला मुंग्या येतात आणि उठताना पाऊल जमिनीला टेकलंय की नाही तेच कळत नाही. आई म्हणते रक्त थांबतं, मित्र म्हणतो नस दबते. मी नाशिकला फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंट हाच प्रश्न सारखा विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आईचंही बरोबर आहे आणि मित्राचंही. रक्त थांबतं, पण ते पायाचं नाही, नसेचं.

पुढच्या वेळी पाय बधिर झाला की बोटांकडे बघा. रंग नेहमीसारखाच असतो, हात लावला तर पाऊल कोमट लागतं. अंगठ्याच्या रेषेत पावलाच्या वरच्या बाजूला दोन बोटं हलकी ठेवली तर बहुतेकांना नाडीही लागते. पायाचा रक्तपुरवठा खरोखर बंद पडला असता तर पाऊल पांढरंफटक आणि थंडगार पडलं असतं. अडचण पावलात नसतेच. ती वर, गुडघ्यापाशी असते.

तिथली नस तुम्हाला स्वतःच्या बोटाने शोधता येईल. खुर्चीवर बसा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, वाटीच्या थोडं खाली, एक हाडाचा उंचवटा लागतो. ते पिंडरीतल्या बारीक हाडाचं, म्हणजे फिब्युलाचं डोकं. त्याच्या मागून किंचित खाली बोट आडवं सरकवलं की दोरीसारखं काहीतरी हाडावर घरंगळतं. जोरात दाबू नका. पावलाच्या वर झिणझिणी गेली की समजा सापडली. हीच कॉमन पेरोनियल नस. शरीरातली सगळ्यात जाड नस, सायटिक, कमरेतून निघते, मांडीच्या मागून खाली येते आणि गुडघ्याच्या वर तिचे दोन भाग होतात. एक पोटरीत जातो, दुसरा असा हाडाला वळसा घालून पुढे येतो. वळशाच्या जागी नसेच्या वर कातडी आणि थोडी चरबी, बस्स. खाली हाड, वर जमीन किंवा दुसऱ्या पायाचा घोटा, आणि मधे नस. मांडी घालून बसल्यावर ती चेपते ती इथे. त्यातून माणूस बारीक असला किंवा त्याचं वजन झटकन उतरलेलं असलं की चेपायला आणखी सोपी.

आता नसेला रक्त कशाला लागतं? नसेतला प्रत्येक मज्जातंतू आपल्या आत आणि बाहेर विजेच्या दाबाचा फरक राखून असतो, साधारण उणे 70 मिलिव्होल्ट. त्यासाठी त्याच्या आवरणातले पंप अखंड चालू असतात: 3 सोडियम बाहेर, 2 पोटॅशियम आत. संदेश जातो तो हाच फरक क्षणभर उलटून. पंपांना ऊर्जा लागते, ऊर्जेला प्राणवायू, आणि तो आणतात नसेच्या अंगातल्याच केसाहून बारीक रक्तवाहिन्या. बाहेरून दाब आला की त्या मिटतात. पंप मंदावतात आणि काही मिनिटांतच संदेश त्या जागी अडायला लागतो. इंग्लंडमध्ये सर थॉमस लुईस यांनी 1931 मध्ये दंडाला हवेचा पट्टा आवळून हे दाखवलं होतं. बोटं बधिर होत होती ती बोटांत रक्त नाही म्हणून नव्हे, तर पट्ट्याखालच्या नसेच्या तुकड्याला रक्त नाही म्हणून.

एका नसेत हजारो तंतू असतात आणि ते सगळे एकदम बंद पडत नाहीत. मला स्वतःला हा भाग फार आवडतो. जाड तंतूंवर मायलिनचं वेष्टन असतं. त्यांतले सगळ्यात जाड सेकंदाला 100 मीटरच्या आसपास वेगाने संदेश नेतात. स्पर्श, सांध्याची स्थिती, स्नायूंना हुकूम, ही त्यांची कामं. बारीक, बिनवेष्टनाच्या तंतूंचा वेग सेकंदाला 2 मीटरच्याही आत. त्यांच्याकडे संथ दुखणं, जळजळ, ऊब. तंतूंच्या जाडीचा आणि वेगाचा हा संबंध उलगडल्याबद्दल अर्लांगर आणि गॅसर यांना 1944 चं नोबेल मिळालं. दाबाखाली आधी हार मानतात ते जाड तंतू. म्हणून पाय बधिर झालेला असताना हळूच स्पर्श केला तर कळत नाही, पण जोरात चिमटा काढला तर उशिरा का होईना, बोचतो. घोटा सरळ आहे की मुरगळलेला, ही बातमीही मेंदूपर्यंत पोचत नाही. पंगतीतून घाईने उठणारी माणसं घोटा मुरगळून घेतात ती यामुळेच. पारायण संपलं की आधी पाय लांब करा, पावलं वर-खाली हलवा, बोटं जाणवायला लागली की मगच उठा.

मुंग्या येतात त्या मात्र मुख्यतः पाय मोकळा केल्यावर. रक्त परत आलं की पंप जोरात सुरू होतात, आवरणाची अवस्था काही काळ डळमळीत राहते आणि तंतू कुणी न सांगता आपोआप संदेश सोडायला लागतात. ते सुटतात गुडघ्यापाशी, पण मेंदूला तंतूचं फक्त टोक ठाऊक. आलेला प्रत्येक संदेश तो पावलाच्या नावावर जमा करतो. कोपर आपटलं की झिणझिण्या करंगळीत जातात, त्याचंही कारण हेच.

इथपर्यंत सगळं निरुपद्रवी आहे. पाच-दहा मिनिटांत पाय पूर्ववत होतो आणि नसेला इजा होत नाही. खरी काळजी त्याच जागी तासन् तास, दिवसामागून दिवस दाब बसणाऱ्यांची.

डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड सुरू झाली की निफाड, चांदवडकडून बायका माझ्याकडे तपासायला यायला लागतात. रोपं लावताना उकिडवं बसून वाफ्यात पुढे सरकत जायचं असतं. काम उक्तं, एकराचा भाव ठरलेला, त्यामुळे मधे उठायला कुणी धजत नाही. गुडघा पूर्ण दुमडलेला असताना ती नस ताणलीही जाते आणि चेपलीही जाते. मग एक दिवस पाऊल उचललंच जात नाही. दारातून आत येतानाची चाल बघूनच कळतं: गुडघा नेहमीपेक्षा वर उचलायचा आणि पाऊल फट्कन आपटायचं. एका मावशींची चप्पल मी हातात घेऊन पाहिली होती. डावी धड होती, उजवीची पुढची कड अंगठ्याखाली तिरपी झिजून पातळ झालेली. दुखत काहीच नव्हतं, म्हणून त्या कित्येक दिवस तशाच कामावर जात राहिल्या. घरच्यांना वाटलं, अंगावरून वारं गेलं.

अशा वेळी नुसता रक्ताचा प्रश्न राहत नाही. 1972 मध्ये लंडनच्या गिलियट आणि सहकाऱ्यांनी बबून माकडांच्या नसा पट्ट्याखाली दाबून सूक्ष्मदर्शकातून तपासल्या. मायलिनच्या वेष्टनात ठरावीक अंतरावर फटी असतात, संदेश त्या फटींवरून उड्या मारत जातो. दाबाने त्या फटी जागेवरून सरकल्या होत्या आणि सदऱ्याची बाही आतल्या आत दुमडावी तसं वेष्टन शेजारच्या वेष्टनात शिरलं होतं. गंमत अशी की हे सगळ्यात जास्त दिसलं ते पट्ट्याच्या कडांखाली, जिथे दाब एकदम बदलतो. तंतू शाबूत असतो, पण उडी हुकते. वेष्टन पुन्हा नीट व्हायला काही आठवड्यांपासून तीनेक महिने लागतात. तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो, आणि मग वाट बघण्याला पर्याय नाही. त्या मावशींना पाऊल वर धरणारा स्प्लिंट दिला, उकिडवं बसणं पूर्ण बंद केलं. पाडव्याच्या सुमारास त्या नीट पावलं टाकत आल्या.

शेतमालक कुणी हे वाचत असतील तर त्यांना कळकळीची विनंती आहे: बायकांना बसायला बुटकी स्टुलं द्या आणि अर्ध्या तासाने दोन मिनिटं उभं राहू द्या. एवढ्याने लागवड अडत नाही.

मुंग्यांचे काही प्रकार वेगळे असतात. दोन्ही तळपायांना रोज, न बसताही येत असतील तर साखर आणि बी-12 तपासा. कातडीवर फिकट बधिर चट्टा असेल आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची ती दोरीसारखी नस जाड लागत असेल तर सरकारी दवाखान्यात कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. औषध मोफत मिळतं आणि रोग पूर्ण बरा होतो. एका बाजूचा हात-पाय किंवा चेहरा अचानक बधिर झाला, किंवा बसायची जागा बधिर होऊन लघवी अडली, तर थेट हॉस्पिटल गाठा, तेही लगेच.

राहिला तुमचा उजवा पाय. मांडी घालताना आपण सवयीने एकच पाय खाली घेतो. पुढच्या पारायणाला पाय बदलून बसा. मुंग्या डावीकडे गेल्या तर दोष बसण्याचा. जाडसर आसन घ्या आणि अध्याय संपला की पाय बदला. बदलूनही उजवीकडेच येत राहिल्या तर कमरेतून निघणारी पाचवी नस, एल-5, दबत असेल का ते पाहावं लागेल. आम्ही त्यासाठी पाऊल आतल्या बाजूला वळवायला सांगून वरून विरोध करतो. गुडघ्यापाशी नस दबली असेल तर ही ताकद शाबूत राहते, कमरेत दबली असेल तर बहुधा तीही कमी पडते. घरी नीट कळत नाही, तपासून घ्या.