वाचकांचे प्रश्न : घोंगडी, इंग्लिश लोकर आणि फ्लोरेन्सचं बंड

प्रश्न : चिकोडी, रायबागकडे धनगरांची घोंगडी अजून विणतात, चिंचोक्याच्या खळीने ती ताठ करतात. चौदाव्या-पंधराव्या शतकात इंग्लिश लोकरीपासून फ्लँडर्समध्ये (आजच्या बेल्जियमच्या भागात) होणारं कापड एवढं महाग का असायचं? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : दख्खनी मेंढीची लोकर जाड, केसाळ, इंग्लंडची उत्तम लोकर तलम. पण खरी किंमत चढायची ती कापड मागावरून उतरल्यावर. तेव्हा ते विरळ आणि तेलकट असे, कारण कताईआधी लोकरीला लोणी किंवा तेल चोळलेलं असे. ते काढायला हौदात शिळं मूत्र आणि मुलतानीसारखी माती घालून कापड तुडवत. तुडवताना तंतूंवरची खवलं एकमेकांत अडकतात, कापड आटतं आणि वीण दिसेनाशी होते. खळीचा ताठपणा धुण्यात जातो, हा दाटपणा जात नाही. पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडेही होते, पण भारी मालासाठी फ्लँडर्समध्ये पायांनीच तुडवणं पसंत करत. कापड सारखं फिरवलं नाही तर एकीकडे जाड, एकीकडे पातळ होई आणि वळ्या कायमच्या बसत.

मग आकड्यांच्या चौकटीवर ताणून वाळवायचं. लबाडी इथेच चाले. जास्त ताणलं की लांबी वाढे, पण गिऱ्हाइकाच्या अंगावर पहिल्याच पावसात कापड आटे. म्हणून तपासनीस मापं घेऊन शिशाची मोहोर लावत. त्यानंतर काटेरी बोंडांनी तंतू उभे करून मोठ्या कात्रीने छाटायचे, आणि हे पुन्हा पुन्हा करायचं.

मंजिष्ठेचा लाल रंग तुरटीशिवाय नीट धरत नाही, आणि तुरटीत लोह असेल तर तो मळकट होतो. चांगली तुरटी जेनोआचे व्यापारी आशिया मायनरमधल्या फोकाएआहून आणत. 1455 मध्ये ती जागा ऑटोमन तुर्कांकडे गेली. काही वर्षांतच रोमजवळ तोल्फा इथे तुरटी सापडली आणि पोपने तुर्कांची तुरटी घ्यायला बंदी घातली.

प्रश्न : मग इंग्लंड लोकर विकण्याऐवजी स्वतःच कापड का विकू लागलं? (खानापूर)

उत्तर : मुख्यतः जकातीमुळे. लोकरीचं पोतं 364 पौंडांचं, म्हणजे सुमारे 165 किलो. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते परदेशी पाठवताना त्यावर इंग्लिश व्यापाऱ्याला 40 शिलिंगांहून जास्त जकात पडे. त्याच पोत्यात चारहून थोडी जास्त ठाणं निघत आणि 1347 पासून साध्या ठाणावर त्याला 14 पेनी भरावे लागत. 12 पेनींचा शिलिंग धरा, म्हणजे सगळे मिळून पाच शिलिंगांच्या आसपास. 1300 च्या सुमारास वर्षाला 30 हजारांवर पोती बाहेर जात, दीडशे वर्षांनी दहा हजारही नव्हती.

प्रश्न : आमच्याकडे सूत व्यापाऱ्याचं, माग आमचा, मजुरी साडीमागे. इटलीतल्या फ्लोरेन्सच्या विणकरांनी 1378 मध्ये बंड केलं ते असंच होतं का? (वडगाव, बेळगाव)

उत्तर : विणकरांची स्थिती बरीच तशीच होती. सूत व्यापाऱ्याचं, आणि कित्येकांचे मागही त्याच्याकडे गहाण. मात्र बंडात पुढे होते ते लोकर धुणारे, विंचरणारे, पिंजणारे रोजंदार, ज्यांना चोंपी म्हणत. लोकर-व्यापाऱ्यांच्या संघाचे नियम त्यांना लागू, पण त्या संघात त्यांना जागा नाही आणि स्वतःचा संघ काढायला बंदी. काम मंदावलं की चूल बंद. म्हणूनच व्यापाऱ्यांनी महिन्याला किमान 2000 ठाणं काढलीच पाहिजेत, अशी त्यांची एक मागणी होती. आम्हाला ती सगळ्यात बोलकी वाटते, कारण मजुरी वाढून उपयोग काय, जर कामच मिळालं नाही?

जुलैमध्ये त्यांनी सत्ता घेतली, मिकेले दी लांदो हा लोकर विंचरणारा शहराचा प्रमुख झाला आणि तीन नवे संघ निघाले. पण व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली, उपासमार वाढली, आणि ऑगस्टअखेर चोंपींचा संघ मोडला, तोही मिकेलेच्याच पुढाकाराने. रंगाऱ्यांचा आणि शिवणाऱ्यांचा असे दोन संघ 1382 पर्यंत टिकले.