‘जोडते’ एवढ्यावर भागत नाही

प्रश्न: आमच्या पायथन लायब्ररीत पायथनच्या जॉइनवर, म्हणजे स्ट्रिंग (मजकुराचे तुकडे) एकत्र जोडणाऱ्या मेथडवर, बेतलेलं एक फंक्शन आहे. डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय, ‘यादीतल्या स्ट्रिंग जोडते.’ तरी टीममधली नवीन मुलं तेच तेच विचारत राहतात. वर्णन वाढवून परिच्छेदभर केलं, काही उपयोग झाला नाही. मॅडम, अजून काय लिहायचं?

उत्तर: लिहिलेला परिच्छेद आधी कापा. फंक्शन जोडतं हे नावावरूनच कळतं. माणूस डॉक्युमेंटेशन उघडतो तेव्हा त्याचं काहीतरी अडलेलं असतं. तो जिथे अडतो, तिथलं लिहा.

पहिली अडचण सेपरेटरची, म्हणजे दोन तुकड्यांच्या मध्ये येणाऱ्या मजकुराची. जावास्क्रिप्टमध्ये जॉइन ही अ‍ॅरेची (तिथल्या यादीची) मेथड, पायथनमध्ये ती सेपरेटरच्या स्ट्रिंगची. तिकडून आलेला माणूस यादीपुढे टिंब देऊन जॉइन लिहितो आणि एरर खातो. पायथनच्या अधिकृत वर्णनातही ही गोष्ट अखेरीस येते. माझ्या मते ती पहिल्या ओळीत हवी. तुमच्या फंक्शनला सेपरेटर कुठून मिळतो, तिथून सुरुवात करा.

मग यादीत स्ट्रिंग नसलेलं काही आलं तर? पायथन सरळ टाइपएरर देतं. जावास्क्रिप्ट आकड्याची गुपचूप स्ट्रिंग करतं आणि नलच्या (‘मूल्यच नाही’ या खुणेच्या) जागी काहीच ठेवत नाही. जावा ८ मध्ये आलेली स्ट्रिंगची जॉइन मेथड तर चक्क ‘नल’ हा शब्दच मजकुरात घालते. प्रत्येकाची सवय वेगळी, म्हणून तुमचं फंक्शन काय करतं ते स्पष्ट सांगा.

सगळ्यात वाईट चूक ती, जिच्यात एरर येतच नाही. यादीऐवजी नुसती ‘मीना’ ही स्ट्रिंग दिली आणि सेपरेटर हायफन असला, तर हाती येतं:

म-ी-न-ा

स्ट्रिंगवरूनही एकेक कोडपॉइंट (युनिकोडमधलं एकेक सुटं चिन्ह) घेत फिरता येतं आणि आपल्या मात्रा हे स्वतंत्र कोडपॉइंट, त्यामुळे वेलांटी आणि काना दोन्ही ‘अक्षरं’ समजून सुटे केले जातात. हे आउटपुट जसंच्या तसं छापा. त्यावर स्पष्टीकरण नको, ते बघितलं की कळतं.

रिकामी यादी दिली तर रिकामी स्ट्रिंग, एकच घटक असेल तर सेपरेटर नाही: यांना एकेक ओळ पुरे. पण शेवटच्या घटकानंतरही सेपरेटर येत नाही, हे विसरू नका. ओळी न्यूलाइनने (ओळ संपवणाऱ्या चिन्हाने) जोडून फाइल लिहिणारे नेमके इथे फसतात. शेवटची न्यूलाइन राहून जाते.

‘लूपमध्ये अधिकचं चिन्ह वापरून स्ट्रिंग जोडत जाऊ नका’ असा सल्ला द्यायचा असेल तर कारणासकट द्या: स्ट्रिंग बदलता येत नाही, म्हणून दर फेरीला जुना मजकूर नव्याने कॉपी होऊ शकतो. सीपायथन (पायथनची नेहमी वापरली जाणारी मूळ आवृत्ती) कधीकधी ही कॉपी वाचवतं, पण त्यावर विसंबता येत नाही.

आणि उदाहरणं डॉकस्ट्रिंगमध्येच (कोडमध्येच लिहिलेल्या फंक्शनच्या वर्णनात) ठेवून डॉकटेस्टने चालवा; ते उदाहरणं चालवून उत्तर जुळतं का बघतं. उद्या कुणी फंक्शन बदललं आणि उदाहरण जुनंच राहिलं, तर टेस्ट फेल होईल.