अटॅक, हल्ला आणि आक्रमण

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून पात्रे रंगवण्याच्या खेळात फायरबॉल हा आगीचा मंत्र ‘अटॅक’ ठरतो का, आणि मराठीत त्याला हल्ला म्हणावे की आक्रमण, असा प्रश्न आला आहे. खेळापुरते उत्तर सोपे आहे. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांनुसार ज्या कृतीसाठी अटॅक रोल, म्हणजे नेम लागला का हे ठरवणारा फासा, टाकावा लागतो, ती अटॅक. फायर बोल्ट हा मंत्र सोडणारा वीस बाजूंचा फासा टाकतो आणि येणारी बेरीज शत्रूच्या आर्मर क्लासशी, म्हणजे बचावाच्या आकड्याशी, ताडून पाहतो, म्हणून तो अटॅक. फायरबॉलमध्ये मात्र बचावाचा फासा आगीत सापडलेल्यांनीच टाकायचा असतो, आणि मॅजिक मिसाईल हा मंत्र तर नेमाच्या फाशाविनाच लागतो; म्हणून हे दोन्ही अटॅक नव्हेत. ‘इजा झाली की अटॅक झालाच’ हे सतत कानी पडणारे विधान त्यामुळे साफ चूक आहे, कारण नेम चुकलेला फायर बोल्ट कोणालाही न भाजता अटॅकच राहतो.

खरी गंमत ‘अटॅक’च्या मुळात आहे. इंग्रजीने हा शब्द फ्रेंचमधून घेतला आणि फ्रेंचने इटालियन ‘अत्ताक्कारे’वरून, त्या क्रियापदाचा अर्थ जोडणे, चिकटवणे असा आहे, आणि ‘अत्ताक्कारे बात्ताल्या’ म्हणजे लढाई जोडणे. ‘अटॅच’ हा शब्दही याच कुळातला. मराठीने तर हीच कल्पना किती सहज बोलून ठेवली आहे! शेताला शेत भिडते आणि मल्लाला मल्लही भिडतो. औताला बैल जुंपतात आणि दोन सैन्यांत लढाई जुंपते. अटॅक रोलचा नियम या मूळ अर्थाशी तंतोतंत जुळतो, असे माझे ठाम मत आहे, कारण तेथे नेम धरणारा आणि ज्याचे चिलखत भेदायचे तो, अशी जोडी लागलेली असते.

फायरबॉल कोणालाच भिडत नाही. तो २० फूट त्रिज्येची जागा व्यापतो, मग तेथे शत्रू असो वा मित्र. ‘आक्रमण’ या शब्दात पाऊल टाकणे या अर्थाचा ‘क्रम्’ धातू आहे, आणि आपण ‘वाट आक्रमणे’ म्हणतो तेव्हा कोणाला मारत नसतो, अंतर पायाखाली घालत असतो. जागा व्यापणाऱ्या मंत्राला आक्रमण म्हणावे आणि नेमाच्या मंत्राला हल्ला. हे दोन शब्द सरसकट पर्याय म्हणून देणारे कोशकार धातूकडे पाहतच नाहीत.

फायरबॉलला अटॅक ठरवण्यासाठी खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीचा दाखला देणारे जाणकारही अर्धेच वाचतात. त्या आवृत्तीतील इनविजिबिलिटी या अदृश्य करणाऱ्या मंत्राच्या वर्णनात, ज्याच्या कक्षेत शत्रू येतो असा कोणताही मंत्र अटॅक मानला आहे, हे खरे. पण ती व्याख्या त्या एकाच मंत्रापुरती आहे, आणि शत्रू पुलावर असताना पुलाचे दोर कापणे हे तिथेही अटॅक मानलेले नाही. २०१४ च्या नियमांत तर अदृश्यता अटॅक केल्याने किंवा मंत्रप्रयोग केल्याने संपते, अशा दोन अटी वेगळ्या सांगितल्या आहेत. प्रत्येक घातक मंत्र मुळातच अटॅक असता, तर त्यांच्यासाठी दुसऱ्या अटीची गरजच पडली नसती.